'शुड हॅव' म्हणजे झाले की नाही झाले?

(संस्थेच्या शाळांतील इंग्रजीचे शिक्षक, पालक आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय इंग्रजी व्याकरणातला आहे असे कळल्याबरोबर काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. 'आज घरीच राहायला हवे होते' असे काहींनी मनात म्हटलेही असेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ही दोन वाक्ये हाच आजचा विषय आहे. 'आठी पडली असेल' हा माझा अंदाज झाला; मी कोणाचे कपाळ पाहिलेले नाही. 'घरी राहायला हवे होते' यात न घडलेल्या गोष्टीची चुटपुट आहे. होऊन गेलेल्या काळाविषयी बोलताना माणूस 'झाले' आणि 'झाले नाही' एवढ्यावर थांबत नाही. तो 'झाले असेल', 'झाले असावे', 'झाले असते', 'व्हायला हवे होते' असेही म्हणतो. आपली लहान मुले ही रूपे घरी बिनचूक वापरतात. उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या घरातले मूलही 'आया होगा', 'आया होता' आणि 'आना चाहिए था' यांत कधी गल्लत करीत नाही. मग तेच मूल इंग्रजीच्या तासाला 'मस्ट हॅव', 'मे हॅव', 'शुड हॅव' पुढे आले की का अडखळते, आणि विशेषतः ही रूपे 'दॅट'ने सुरू होणाऱ्या वाक्यांशात आली की अर्थाचा अनर्थ का होतो, याचा आज विचार करू. इंग्रजी वाक्ये मी कानावर पडतात तशीच सांगणार आहे. ती आधी कानाने ऐकावी, एवढी विनंती.

प्रथम या रूपांची घडण पाहू. मस्ट, मे, माइट, कॅन, कुड, शुड, ऑट टु, विल, वुड यांपैकी एक साहाय्यक क्रियापद, त्यापुढे 'हॅव', आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप. 'ही मस्ट हॅव गॉन.' 'शी शुड हॅव टोल्ड मी.' इतकेच. पण वह्या तपासताना दोन चुका हमखास दिसतात. एक मुलगा लिहितो, 'ही मस्ट हॅज गॉन'. दुसरा लिहितो, 'ही मस्ट हॅड गॉन'. या चुकांमागे आळस नसतो, तर्क असतो. 'ही'च्या पुढे 'हॅज' येते हे आपणच शिकविलेले असते, आणि भूतकाळात 'हॅव'चे 'हॅड' होते हेही आपणच शिकविलेले असते. त्या मुलांना रागावण्यापेक्षा एवढेच दाखवावे, की 'ही मस्ट गोज' किंवा 'ही मस्ट वेन्ट' असे कोणी म्हणत नाही. या साहाय्यक क्रियापदांच्या पुढचा शब्द मूळ रूपातच राहतो. म्हणून तेथे 'हॅव' आणि 'हॅव'च. भूतकाळ दाखविण्याचे काम 'हॅव' आणि तिसरे रूप मिळून करतात.

तिसरी चूक कानाची आहे. इंग्रज माणूस बोलताना 'हॅव'वर जोर देत नाही. त्यातला 'ह' गळतो आणि 'मस्टव्ह', 'शुडव्ह' असे काहीतरी ऐकू येते. हाच उच्चार 'ऑव्ह' या शब्दाच्या हलक्या उच्चारासारखा असल्यामुळे, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे लोकही लिहिताना 'शुड ऑव्ह' लिहून बसतात. म्हणजे या बाबतीत फक्त आपलीच मुले चुकतात असे नाही. मात्र आपल्या मुलांनी हे रूप केवळ पुस्तकात पाहिलेले असल्याने बोलण्यात ते त्यांना ओळखूच येत नाही. यासाठी मोठ्याने वाचण्यासारखा दुसरा उपाय नाही.

आता अर्थाकडे वळू. अशी कल्पना करा, की दापोलीहून येणारी संध्याकाळची एस. टी. स्थानकात आली, पण हमीद काही उतरला नाही. त्याला न्यायला आलेल्या सहा जणांनी सहा वाक्ये उच्चारली.

चाचा म्हणाले, 'ही मस्ट हॅव मिस्ड द बस.' त्याची गाडी चुकली असणार.

अम्मी म्हणाली, 'ही मे हॅव फॉलन इल.' तो आजारी पडला असेल.

शेजारचे गुरुजी म्हणाले, 'ही कान्ट हॅव फरगॉटन.' तो विसरला असेल हे शक्य नाही.

मित्र म्हणाला, 'ही कुड हॅव टेकन द अर्लियर बस.' आधीची गाडी त्याला घेता आली असती.

अब्बा म्हणाले, 'ही शुड हॅव टेलिफोन्ड.' त्याने फोन करायला हवा होता.

धाकटी बहीण म्हणाली, 'वी नीडन्ट हॅव कम.' आपण उगाच आलो.

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: ती गोष्ट घडली का? चाचा, अम्मी आणि गुरुजी यांना ते ठाऊक नाही. ते अंदाज करीत आहेत. चाचांचा अंदाज पक्का आहे, अम्मीचा काळजीचा आहे, गुरुजींचा नकाराचा आहे. अब्बा मात्र अंदाज करीत नाहीत. फोन आला नाही हे त्यांना नक्की माहीत आहे, आणि तो यायला हवा होता असा निवाडा ते देत आहेत. बहिणीलाही माहीत आहे. आपण आलो, आणि त्याची गरज नव्हती. मित्राचे 'कुड हॅव' या दोहोंच्या सीमेवर उभे आहे. येथे त्याचा अर्थ 'शक्य होते, पण केले नाही' असा आहे. पण 'हू कुड हॅव टेकन द लेटर?' या प्रश्नात तेच 'कुड हॅव' निव्वळ शंका दाखविते: पत्र कोणी नेले असेल बरे? तेव्हा या रूपांचे दोन गट पडतात. एक गट अंदाजाचा, दुसरा निवाड्याचा. नियमांची सगळी कोष्टके विसरली तरी हरकत नाही, पण हा भेद विसरू नये.

'मे हॅव' आणि 'माइट हॅव' यांतला बारकावा येथेच सांगून ठेवतो. खाडीत होडी उलटली अशी बातमी आली आहे आणि तुम्ही एका कुटुंबाला निरोप लिहिता आहात असे समजा. 'ही मे हॅव ड्राउन्ड' म्हणजे तो बुडाला असेल, अजून कळलेले नाही. 'ही माइट हॅव ड्राउन्ड' याचा तोही अर्थ होतो; पण त्याचा दुसराही अर्थ होतो, की तो बुडालाच असता, सुदैवाने वाचला. दुसरा अर्थ सांगायचा असेल तर काळजीपूर्वक लिहिणारे 'मे' वापरीत नाहीत, 'माइट'च वापरतात. काही वृत्तपत्रांतून हल्ली दोन्हींची सरमिसळ दिसते. परंतु ज्या घरात तो निरोप वाचला जाणार, त्या घराला या एका शब्दाची किंमत किती आहे, हे वेगळे सांगायला नको.

'मस्ट हॅव'बद्दल तर एक मोठाच गैरसमज आहे. 'मस्ट' हा शब्द ऐकायला मोठा वजनदार. त्यामुळे 'सलीम टुक द की' या साध्या वाक्यापेक्षा 'सलीम मस्ट हॅव टेकन द की' हे वाक्य अधिक ठाम आहे अशी मुलांची समजूत होते. वास्तविक ते कमी ठाम आहे. पहिले वाक्य म्हणते, सलीमने किल्ली घेतली. दुसरे म्हणते, सलीमने किल्ली घेतली असणार. म्हणजे मी ते पाहिलेले नाही, इतर गोष्टींवरून ताडले आहे. मराठीतही 'घेतली' यापेक्षा 'घेतलीच असणार' हे वाक्य कितीही जोर देऊन उच्चारले तरी एक पायरी खालीच राहते. पाहिलेले आणि ताडलेले यांच्यामधली ही पायरी आहे.

ही पायरी पुस्तकापुरती नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तोंडी साक्ष प्रत्यक्ष असावी असे तत्त्व होते: पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ती पाहणाऱ्याने द्यावी, ऐकलेल्या गोष्टीची ती ऐकणाऱ्याने द्यावी. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. आता आपल्या मुलांचा विचार करा. कोकणातले कितीतरी तरुण जहाजांवर आणि आखाती देशांत काम करतात. अपघात झाला की त्यांना इंग्रजीत जबाब लिहून द्यावा लागतो. 'रहीम लेफ्ट द व्हॉल्व्ह ओपन' असे लिहिले तर रहीमने झडप उघडी टाकली, आणि मी ते पाहिले, असा त्याचा अर्थ घेतला जाईल. 'समबडी मस्ट हॅव लेफ्ट द व्हॉल्व्ह ओपन' असे लिहिले तर झडप उघडी आढळली, त्यावरून कोणीतरी ती तशी टाकली असणार, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वाक्याने कदाचित एका निरपराध माणसाची नोकरी जाईल. सांगणाऱ्याच्या मनात खोटेपणा नसेलही. पण त्याच्या व्याकरणाने त्याच्या तोंडून खोटे वदविले, असे होईल.

आणखी एक गफलत येथेच निस्तरावी. 'मला जावे लागले' याचे इंग्रजी 'आय मस्ट हॅव गॉन' नव्हे. त्याचा अर्थ 'मी गेलो असणार' असा होतो, जणू बोलणाऱ्याला स्वतःचेच आठवत नाही! सक्तीचा भूतकाळ दाखवायचा तर 'आय हॅड टु गो' असे म्हणावे लागते.

आता 'दॅट'च्या वाक्यांशाकडे येऊ. आपल्या व्याकरणात ज्याला नामवाक्य म्हणतात तेच हे. 'तो गेला असावा असे मला वाटते' यात 'तो गेला असावा' हे नामवाक्य, आणि 'मला वाटते' हे प्रधान वाक्य. इंग्रजीत हेच 'आय थिंक दॅट ही मस्ट हॅव गॉन' असे होते. फरक क्रमाचा आहे. मराठीत वाटण्याचा शब्द बहुधा शेवटी येतो; इंग्रजीत तो आधी येतो, आणि 'दॅट'च्या मागे उभा राहून पुढच्या सगळ्या वाक्यावर हुकमत चालवितो. आपणही 'मला वाटते की तो गेला असावा' असे म्हणतो खरे, पण कान शेवटाकडे लागलेला असतो. त्यामुळे आपला विद्यार्थी 'शुड हॅव'पर्यंत पोहोचतो तोवर 'दॅट'च्या मागे काय होते ते तो विसरलेला असतो. नेमके तेच विसरून चालत नाही. कसे ते पाहा. मी तीन वाक्ये सांगतो. तिन्हींत 'दॅट' आहे आणि तिन्हींत 'शुड हॅव' आहे.

पहिले: 'आय थिंक दॅट ही शुड हॅव रिझाइन्ड.'

दुसरे: 'इट इज अ पिटी दॅट ही शुड हॅव रिझाइन्ड.'

तिसरे: 'इट इज नेसेसरी दॅट द कॅन्डिडेट शुड हॅव पास्ड द एस. एस. सी. एक्झामिनेशन.'

पहिल्या वाक्यात त्याने राजीनामा दिला का? नाही. त्याने तो द्यायला हवा होता असे माझे मत आहे. दुसऱ्या वाक्यात दिला का? दिला! त्याने राजीनामा दिला ही वाईट गोष्ट झाली, असे बोलणारा म्हणतो. तेच 'ही शुड हॅव रिझाइन्ड' हे शब्द, आणि अर्थ एकदम उलट. तिसऱ्या वाक्यात घडले की नाही हा प्रश्नच नाही. ती अट आहे: उमेदवार एस. एस. सी. परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा.

हा भेद ज्याला ठाऊक नाही त्याची काय अवस्था होईल? समजा, त्याला एका कचेरीतून पत्र आले: 'आय ॲम सॉरी दॅट यू शुड हॅव बीन पुट टु सो मच ट्रबल.' 'शुड हॅव' म्हणजे 'व्हायला हवे होते' हे त्याने पाठ केलेले. तो वाचतो, 'तुम्हाला इतका त्रास व्हायला हवा होता, याबद्दल मी दिलगीर आहे.' हा काय प्रकार आहे? दिलगिरी आहे की शिव्या आहेत? वस्तुतः पत्र लिहिणारा अतिशय सौजन्याने म्हणत असतो, 'तुम्हाला इतका त्रास व्हावा याचे मला वाईट वाटते.' एका सभ्य माणसाचा सभ्य शब्द असा वाया जातो. सांत्वनाच्या पत्रांतही ही रचना येते. तेथे असा घोटाळा झाला तर मनाला जखमच होईल.

मग इंग्रजांनी झालेल्या गोष्टीला 'शुड' का लावावे? पाहिलेत, मी आत्ताच काय म्हटले ते? 'का लावावे?' मराठीतही आपण हेच करतो. 'त्याच्यासारख्या हुशार मुलाने नापास व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.' तो नापास झाला का? झाला. तरी आपण 'व्हावे' म्हणतो. 'तिने मला असे बोलावे, याचे नवल वाटते.' ती बोलली का? बोलली. तरी 'बोलावे'. घडलेली गोष्ट नुसती घडली म्हणून सांगावयाची नसते. ती मनापुढे ठेवून तिच्याविषयी खेद, आश्चर्य, संताप व्यक्त करावयाचा असतो. अशा वेळी मराठी विध्यर्थाकडे वळते आणि इंग्रजी 'शुड'कडे वळते. रँडॉल्फ क्वर्क, सिडनी ग्रीनबाउम, जेफ्री लीच आणि यान स्वार्टविक यांचा इंग्रजी व्याकरणाचा मोठा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी या 'शुड'ला 'प्युटेटिव्ह शुड' असे नाव दिले आहे. घटना म्हणून नव्हे, तर मनात धरलेली कल्पना म्हणून जी गोष्ट बोलली जाते तिचे हे 'शुड'. नाव जड आहे. पण 'नापास व्हावे' म्हणणाऱ्या आपल्या मुलांना ही वस्तू जड नाही.

विध्यर्थाची गंमत एवढ्यावर संपत नाही. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेतही शिकतो. त्यांतल्या विध्यर्थाचे 'असावा' हे एकच रूप घ्या. 'तो घरी गेला असावा.' हा अंदाज. 'उमेदवार पदवीधर असावा.' ही अट. वर्तमानपत्रातील नोकरीची जाहिरात वाचताना 'उमेदवार पदवीधर असावा' याचा अर्थ 'बहुधा पदवीधर असेल' असा कोणी करतो का? कोणीही करीत नाही. आजूबाजूच्या शब्दांवरून, प्रसंगावरून आपण तो बरोबर लावतो. इंग्रजी 'मस्ट हॅव'ही असाच दुहेरी आहे. 'रशीदा मस्ट हॅव पास्ड. सी हाउ शी इज स्मायलिंग.' ती पास झाली असणार, पाहा कशी हसते आहे. आणि 'द कॅन्डिडेट मस्ट हॅव पास्ड द एस. एस. सी. एक्झामिनेशन.' उमेदवार पास झालेला असलाच पाहिजे. जे कौशल्य मराठी जाहिरात वाचताना आपण सहज वापरतो, तेच इंग्रजी जाहिरात वाचताना वापरावयाचे आहे.

तेव्हा नियम असा सांगता येईल. 'दॅट'च्या आत 'शुड हॅव' दिसले की मागे वळून पाहावे. मागे मताचा किंवा बोलण्याचा शब्द असेल, म्हणजे थिंक, फील, से, ॲग्री यांसारखा, तर बहुधा गोष्ट घडलेली नाही. ती घडायला हवी होती. मागे भावनेचा शब्द असेल, म्हणजे सॉरी, सरप्राइज्ड, पिटी, स्ट्रेंज, शॉकिंग यांसारखा, तर गोष्ट घडलेली आहे. मागे गरजेचा शब्द असेल, म्हणजे नेसेसरी, इसेन्शल, इम्पॉर्टंट यांसारखा, तर ती अट आहे. मत, भावना, गरज; एवढे तीन शब्द लक्षात ठेवावे. मात्र हेही सांगितले पाहिजे, की भावनेच्या शब्दापुढचे 'शुड' ही औपचारिक आणि विशेषकरून ब्रिटिश वळणाची रचना आहे. अमेरिकेत ती कमी आढळते. आजचा लेखक 'इट इज अ पिटी दॅट ही रिझाइन्ड' असे सरळही लिहितो, आणि ते पूर्णपणे शुद्ध आहे. म्हणून विद्यार्थ्यांना माझा सल्ला असा, की ही रचना वाचता यावी. लिहिताना साधे वाक्य लिहिले तरी काही बिघडत नाही.

'दॅट'च्या संबंधात आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ती परीक्षेतल्या अप्रत्यक्ष कथनाची. 'ही सेड, "शी मस्ट हॅव गॉन."' याचे अप्रत्यक्ष कथन करा, असा प्रश्न येतो. मुलांनी शिकलेले असते, की मुख्य क्रियापद भूतकाळी असले की आतले क्रियापद एक पाऊल मागे न्यावे. ती बिचारी 'मस्ट हॅव'ला मागे ढकलू लागतात. कोणी 'मस्ट हॅड' करतो, कोणी 'शी हॅड टु गो' करतो. पण 'मस्ट हॅव गॉन' भूतकाळाविषयीच बोलत असते. त्याला आणखी मागे जायला जागा नाही. उत्तर जसेच्या तसे: 'ही सेड दॅट शी मस्ट हॅव गॉन.' 'हॅड टु गो' केले तर 'ती गेली असणार' याचे 'तिला जावे लागले' असे होते, म्हणजे बोलणाऱ्याच्या अंदाजाची आपण सक्ती करून टाकतो. 'शुड हॅव', 'कुड हॅव', 'माइट हॅव' हेही असेच जागचे हलत नाहीत. 'मे हॅव'चे मात्र 'माइट हॅव' होते, 'विल हॅव'चे 'वुड हॅव' होते आणि 'कान्ट हॅव'चे 'कुडन्ट हॅव' होते.

एक शेवटचा बारकावा. 'इट इज पॉसिबल दॅट ही मे हॅव गॉन' यात शंका दोनदा आली, 'पॉसिबल'मध्ये एकदा आणि 'मे'मध्ये एकदा. काही शिक्षक यावर लाल रेघ ओढतात. आपणही 'कदाचित तो गेला असेल' असे म्हणतोच की! बोलण्यात ते खपते, लिहिण्यातही चांगल्या लेखकांकडे आढळते. तेव्हा लाल रेघ नको. पण ज्या कागदावर प्रत्येक शब्द मोजला जाणार आहे तेथे शंका एकदाच लिहावी, एवढे सांगावे. नकाराचेही मराठीशी जुळते. 'त्याने आपल्याला पाहिले असेल असे मला वाटत नाही' यात आपण नकार 'वाटण्या'ला लावतो. इंग्रजही 'आय डोन्ट थिंक दॅट ही कॅन हॅव सीन अस' असेच म्हणतो.

आता शिक्षक बंधुभगिनींना काही व्यवहार्य सूचना करतो.

या पाठाची सुरुवात कोष्टकाने करू नये. वर्गाला एक प्रसंग द्यावा. हमीदची न आलेली एस. टी. चालेल, हरवलेली किल्ली चालेल, बंद पडलेला पाण्याचा पंप चालेल. त्यावर मुलांना आधी आपापल्या घरच्या भाषेत बोलू द्यावे. मराठी मुले 'असेल', 'असावा', 'असता', 'हवा होता' म्हणतील. उर्दू मुले 'होगा', 'होता', 'चाहिए था' म्हणतील. ती वाक्ये फळ्यावर मांडावी आणि मगच त्यांच्यासमोर इंग्रजी रूपे ठेवावी. इंग्रजीच्या तासाला मातृभाषा आली म्हणजे विटाळ होतो, ही समजूत आपण सोडली पाहिजे. अर्थ तेथूनच यायचा आहे.

प्रत्येक वाक्यानंतर विचारावे: 'ही गोष्ट घडली का?' उत्तरे तीनच: घडली, घडली नाही, ठाऊक नाही. ज्या मुलाला हे उत्तर देता आले त्याला वाक्य समजले. ज्याला 'मस्ट अधिक हॅव अधिक तिसरे रूप' असे सूत्र म्हणता आले त्याला ते समजलेच असेल असे नाही. 'दॅट' असलेल्या वाक्यात 'दॅट'च्या मागच्या शब्दाखाली रेघ मारून घ्यावी. 'दॅट' पुष्कळदा गाळलेले असते. तेथे ते कोठे बसले असते हे मुलांनीच शोधावे. आणि वाक्ये मोठ्याने म्हणून घ्यावी, म्हणजे 'शुडव्ह' ऐकले की 'शुड हॅव' ओळखता येईल.

पालकांनाही एक शब्द सांगतो. निकालाच्या दिवशी घराघरांतून 'अभ्यास करायला हवा होता' हे वाक्य ऐकू येते. त्याचे व्याकरण बिनचूक असते. अभ्यास झाला नाही आणि तो व्हायला हवा होता, एवढे त्यातून नीट कळते. पण त्याच वेळी 'त्याला वर्गातले काही समजले नसेल' असा अंदाज आपण करून पाहतो का? निवाडा देण्याआधी अंदाज करावा, आणि अंदाज खरा की खोटा हे मुलालाच विचारावे. घरात दोन्ही गटांतली रूपे वापरात राहिली तर मुलाला शाळेत ती परकी वाटणार नाहीत.

मित्रहो, आपल्या संस्थेसारख्या संस्थांतून शिकणारी बरीच मुले घराण्यातली पहिलीच इंग्रजी शिकणारी असतात. त्यांच्या हातून पुढे अर्ज लिहिले जातील, जबाब लिहिले जातील, दूरच्या नातेवाइकांना निरोप लिहिले जातील. त्या कागदांवर त्यांनी पाहिलेले 'पाहिले' म्हणून लिहावे, ताडलेले 'ताडले' म्हणून लिहावे, आणि दोष द्यायचा झाला तर तो दोष आहे हे ओळखून द्यावा. इंग्रजीने त्यासाठी मस्ट हॅव, मे हॅव, शुड हॅव अशी वेगवेगळी साधने दिली आहेत, आणि ती ओळखण्याची नजर मुलांना त्यांच्या घरच्या भाषेने आधीच दिली आहे. या दोहोंची वर्गात गाठ घालून देणे हे आपले काम आहे.